ऐकू येईल अशी गाडी

कांबळे काकांच्या उजवीकडून कुणी बोलायला लागलं की ते हात वर करून थांबवायचे. "इकडून नको. तो कान कधीच रिटायर झाला." मग तुम्ही मुकाट्याने डावीकडे जायचं. सिंगापुरात बुओना व्हिस्टाला ते आमच्याच मजल्यावर राहायचे. लिफ्टमध्ये मी चुकून उजवीकडे उभी राहिले की माझी लेक मला कोपराने ढोसून इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणायची, "आई, राँग साइड, ला!" आणि काका खो खो हसायचे.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली होती, चीफ इंजिनिअर म्हणून. नंतर हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात आले, तोवर एक कान गेला होता आणि शालिनीकाकूंचं अर्धं आयुष्य वाट बघण्यात गेलं होतं. काकू इंजिनाला 'सवत' म्हणायच्या. "लग्न माझ्याशी केलं आणि नांदले तिच्याशी," असं चारचौघांत सांगायच्या. काका मान खाली घालून चहा प्यायचे.

त्याची भरपाई म्हणून काकांनी त्यांना शब्द दिला होता, निवृत्तीनंतर चाकांवरचं घर घेऊ. सिंगापुरात ते शक्यच नव्हतं. इथे गाडी जरा रंगात येते तोवर देश संपतो. पण लेक-जावई ऑस्ट्रेलियात होते. तिथे जुनी, ऐसपैस मोटरहोम घ्यायची, आत पलंग, ओटा, न्हाणीघर सगळं असलेली, आणि दोघांनीच वर्षभर भटकायचं.

काका अडले ते इंजिनावर. अशा गाड्या दोन तऱ्हेच्या, ते मला समजावून सांगायचे. एकीत पेट्रोलचं इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या मांडीशी; दुरुस्तीला सोपं, पण चढ लागला की कानाशी बोंबलणार. दुसरीत डिझेलचं इंजिन पार मागे. ताकद दांडगी, आणि पुढे बसणाऱ्याला नुसती गुणगुण. "चढ काय, कुठलंही इंजिन रडतखडत चढतं गं पोरी. उतारावर गाडी धरून ठेवतं ते खरं इंजिन." एवढं सांगून ते गिअरबॉक्सवर घसरले की मी घड्याळाकडे बघायला लागायचे.

मागच्या इंजिनाचा हट्ट कशासाठी, ते मला त्या दोघांबरोबर पुलाउ उबीन बेटावर जाताना कळलं. बमबोटीचं, म्हणजे तिथे नेणाऱ्या छोट्या लाकडी होडीचं, इंजिन धडधडत होतं आणि काकू वाटभर त्यांच्या डाव्या कानाशी काहीतरी सांगत होत्या. काका मान डोलवत होते. धक्क्यावर उतरल्यावर काकूंनी विचारलं, "काय सांगितलं मी? बोला." काकांना एक शब्द सांगता येईना. काकू हसल्या, पण बेटावर फिरताना गप्पच होत्या. परत आल्यावर काका मला म्हणाले, "पुढच्या इंजिनाची गाडी मरेस्तोवर घेणार नाही. जन्मभर हिचं ऐकलं नाही. आता ऐकायचंय."

मग काकूंच्या फुप्फुसाचं दुखणं निघालं. कॅन्सर. बोलताना धाप लागायची, आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला. त्याच सुमारास जावयाला एक छान जपलेली गाडी मिळाली, पण पुढच्या इंजिनाची. डॉक्टर म्हणाले, जायचं तर आत्ताच जा.

"घ्या हो ती," काकू म्हणाल्या, "मी ओरडून बोलेन."

"तुझ्यात ओरडायची ताकद कुठाय?" काका म्हणाले, आणि जावयाला नकार कळवला.

जहाजाचं इंजिन ताब्यात घ्यावं तशी त्यांची एकेका गाडीची तपासणी चालली. जावयाने थंड इंजिन सुरू करतानाचे व्हिडिओ पाठवायचे आणि काकांनी फोन डाव्या कानाला लावून ऐकायचे. एक गाडी वर्षानुवर्षं उभी होती, म्हणून नको. "चाललेलं इंजिन परवडलं, उभं राहिलेलं आतून सडतं." दुसरीला गिअर बदलताना हिसका बसत होता, तो हिच्या छातीला सोसणार नाही, म्हणून तीही नको. मला भयंकर राग यायचा. अहो काका, गाड्या कसल्या बघताय, काकूंकडे बघा! एकदा काकूंजवळ बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघू दे गं. पहिल्यांदाच ते माझ्यापायी इंजिन बघतायत."

काकू गेल्या. बुद्धवंदना घेताना काका सगळ्यांच्या मागे उभे होते. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. काही दिवसांनी जावयाचा आणखी एक व्हिडिओ आला. मागचं डिझेल, अगदी काकांना हवं तसं. माझ्यासमोरच त्यांनी तो ऐकला. "बरोबर आहे," म्हणाले. "एक नंबर आहे." आणि ढसाढसा रडले. मीही रडले.

पुढे ते कायमचेच लेकीकडे निघाले. मी चांगी विमानतळावर सोडायला गेले तेव्हा कळलं की गाडी घेतलीय. मी म्हटलं, "ती एक नंबरवाली ना?"

"नाही गं. पुढच्या इंजिनाची."

"अहो, पण का?"

"मागच्या इंजिनाच्या गाडीत पुढे फार शांत असतं, पोरी," काका म्हणाले. "शेजारी कुणी नाही, हे सारखं कळत राहतं. पुढचं बोंबलत असलं की वाटतं, ही बोलतेय. मलाच ऐकू येत नाहीये."