फुसफुसणारी गाडी परतवाड्याला

अकोल्याहून निघण्याआधी आईने गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू वाहिलं, तेव्हाच मी ओळखलं की आज ही बाई मला सुखासुखी परतवाड्याला पोचू देणार नाही.

बाबा गेल्यापासून गाडी अंगणात नुसती उभी होती. मी पुण्याला आणि आईला चालवता येत नाही. शेवटी आईनेच ठरवलं की गाडी वर्षाला द्यायची. वर्षा माझी मामेबहीण. राहते परतवाड्यात, शिकवते मेळघाटातल्या एका शाळेत आणि रोज खच्चून भरलेल्या जीपमधून घाट चढते. ठरवलं आईने, पण द्यायचा दिवस सारखा पुढे ढकलत होती तीच. माझी रजा संपत आली होती. आज नाही तर ही गाडी अंगणातच गंजणार, एवढं मला कळत होतं.

म्हैसांगला पूर्णेचा पूल ओलांडला. हा खारपाणपट्टा. इथलं पाणी मचूळ, म्हणून बाबा घरच्या पाण्याचा कॅन घेतल्याशिवाय या रस्त्याला लागायचे नाहीत. आजही आईने तो पायाशी ठेवला होता. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि वेचून झालेल्या पऱ्हाटीवर (कपाशीच्या झाडांवर) कापसाचे चुकार पुंजके.

"आयक," आई म्हणाली.

"काय?"

"गाडी फुसफुस करून राहिली."

मी एसी बंद केला, काच खाली केली. मला काही ऐकू येईना. "वारा आहे गं."

"वाऱ्याले मी वळखत नाई का? थांबव बरं."

थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. आणि खरंच, तापल्या तव्यावर ओला हात फिरवावा तसा बारीक, सलग आवाज येत होता.

आईच्या कानाला आव्हान देणं मूर्खपणाचं होतं. बाबांची सगळी नोकरी जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) गेली, तिथल्या यंत्रांनी त्यांचे कान नेले. त्यामुळे गाडी चालवायचे बाबा आणि ऐकायची आई. काही बिघडल्यासारखं वाटलं की ते गाडी कडेला घेऊन विचारायचे, "काय म्हणते?" मग आई सांगायची. संध्याकाळी कॉलनीच्या वळणावर गाडी आली, की आई स्वयंपाकघरात कणकेचा गोळा हातात घ्यायची. बाबा चपला काढेपर्यंत पहिली पोळी तव्यावर पडलेली असायची. मला तर गाडीचा आवाजही आलेला नसायचा.

"अशी बिमार गाडी वर्षाले देऊ का मी?" आई म्हणाली. "घाटात पोरगी एकटी. नीट झाली तं देईन, नाई तं वापस अकोल्याले."

तिच्या आवाजात मला चक्क आशा ऐकू आली. मला राग आला आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

दर्यापूरला स्टँडजवळ सलीमभाईंचं गॅरेज सापडलं. त्यांनी बॉनेट उघडल्याबरोबर निकाल दिला. "रेडिएटरची टोपी गेली, भाऊ."

टोपी बदलेपर्यंत आम्ही समोरच्या हॉटेलात आलुबोंडा (आमचा बटाटेवडा) आणि तळलेल्या मिरच्या खाल्ल्या. परत आलो तर फुसफुस तशीच. मग सलीमभाईंनी रबरी नळीचा एक तुकडा घेतला. एक टोक कानाशी धरून दुसरं इंजिनावरून फिरवायला लागले. पण शेजारी वेल्डिंग चाललेलं, रस्त्यावर जीपवाले "अंजनगाव, अंजनगाव" ओरडत होते. सलीमभाईंना आवाजाचा पत्ता लागेना.

"मी आयकू का?" आईने विचारलं.

"आयका ना, काकू."

आईने पदर खोचला, नळी कानाला लावली आणि डोळे मिटले. बाबांसोबतही ती अशीच उभी राहायची. मी कितीतरी दिवसांनी तिचा हा चेहरा पाहत होतो.

"इथं," ती म्हणाली. "या पाइपाच्या खालून."

सलीमभाईंनी तिथे साबणाचं पाणी ओतलं. फेस सर्रकन आत ओढला गेला, आवाज क्षणभर बंद झाला आणि इंजिन एकसारखं चालायला लागलं.

"इथूनच हवा खेचून राहिली होती," सलीमभाई हसले. "काकू, तुमी बसा गॅरेजवर. मी जातो घरी."

त्यांनी पाइप काढला. खालच्या बाजूने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, वर तांब्याची तार पिळून बांधलेली. ते काम बाबांचं होतं. घरातल्या बादलीपासून झारीपर्यंत सगळ्याला त्यांनी अशीच पट्टी बांधलेली आहे. तो पीळ पाहून मला भरून आलं. आईने त्या तारेवरून बोट फिरवलं. नवा पाइप बसल्यावर सलीमभाई जुना भंगारात टाकायला निघाले, तेव्हा तिने हात पुढे केला.

"तो मले द्या."

गाडी आता अगदी गप्प चालत होती. अंजनगावचे पानमळे गेले, समोर सातपुडा निळा दिसू लागला.

"आता नाही म्हणता येणार नाही तुला," मी चिडवलं.

"म्हनतच नाई मी," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

वर्षाकडे भरीत-भाकरी झाली. आईने तिला कुंकू लावलं, ओटी भरली आणि ओटीतच किल्ली ठेवली. "चालू केली की आधी आयकत जाय तिले. मंग चालवजो."

वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्या नाही.

परतीच्या बसमध्ये तो पाइप आईच्या पिशवीतून डोकावत होता. मी विचारलं, "हा काहून घेतला?"

"तुह्या आजोबानं बैल देला तं दावं देलं का कधी संगं? दावं घरीच रायते."

अकोल्याला दाराजवळ गाडीच्या किल्लीचा खिळा रिकामा होता. तिने तो पाइप त्यावर टांगला.

दुसऱ्या दिवशी माझी पुण्याची बॅग भरून झाली होती. जाता जाता मी तो पाइप खिळ्यावरून काढला, एका टोकाला अंगठा दाबला आणि दुसऱ्या टोकातून फुंकलं. बाबांच्या पट्टीखालून तीच बारीक फुसफुस आली. मला वाटलं, माझ्याशिवाय कुणाला ती ऐकू जाणार नाही.

आत गेलो. माझ्या डब्यासाठी कणीक तिंबून ठेवलेली होती, तवा अजून तापायचा होता. आई ओट्याशी दाराकडे कान देऊन उभी होती आणि तिच्या हातात कणकेचा गोळा होता.