बाबांच्या वाटणीची तुकडी

मला लिहायला तारीख लागते. तारीख नसली की मी कपाटं आवरते, एका बरणीतलं लोणचं दुसऱ्या बरणीत भरते, माहेरी फोन करून वहिनीच्या अबोलीला कळे किती आले ते विचारते. म्हणून मी स्वतःलाच मुदती घालून द्यायला लागले. दसऱ्यापर्यंत एवढी प्रकरणं, शिमग्यापर्यंत तेवढी. मुदत घालणारी मी, मोडणारी मी आणि माफ करणारीही मीच. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं, निदान माझी तशी समजूत होती.

मी कसालला राहते आणि नोकरी सांभाळून लिहिते. माहेर मालवणच्या किनाऱ्यावर. तिथे बाबा, भाऊ आणि वहिनी. बाबांचं सगळं आयुष्य होडीवर गेलं. मी लिहीत होते ती कादंबरी अशाच एका घराची होती, आणि तिच्या शेवटी घरातला थोरला भाऊ समुद्रावर जातो तो परत येत नाही. हे आमच्याच घरात घडलेलं. बाबांचे थोरले भाऊ माझ्या जन्माआधी समुद्रात गेले. घरात त्यांचा एक फोटो आहे आणि एक वाक्य आहे, 'एकटोच गेललो, वाऱ्यात गावलो.' म्हणजे एकटेच गेले होते, वाऱ्यात सापडले. त्यापुढे कधी कुणी बोललं नाही आणि मी विचारलंही नाही. माझं घोडं नेमकं त्या शेवटच्या प्रकरणावर अडलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

गेल्या वर्षीच्या चतुर्थीला सगळे जमलेले असताना भावाने पुस्तकाचं विचारलं. मी म्हटलं, आंगणेवाडीच्या जत्रेपर्यंत पुरं करते. ही मुदत मी फार हुशारीने निवडली होती. मसुरे गावातल्या त्या वाडीची जत्रा कॅलेंडर बघून ठरत नाही, देवीचा कौल मिळाला की ठरते. म्हणजे मुदत तर दिली, पण ती कधी संपणार ते कुणालाच ठाऊक नाही. माझ्यासारखीला याहून बरं काय हवं? सगळे हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी नक्की का म्हणून विचारलं आणि मी मोदक खाता खाता नक्की म्हटलं.

कौल झाला, तारीख जाहीर झाली आणि मला वाटलं होतं त्याच्या किती तरी आधीची निघाली. मी जत्रेला गेले, देवीची ओटी भरली, जत्रेतलं गोड खाजं घेऊन घरी आले. प्रकरण होतं तिथेच होतं. मग मी शिमगा म्हटलं, मग पावसाचा मिरग म्हटलं, मग पुन्हा चतुर्थी. येरे माझ्या मागल्या.

या सगळ्या काळात रविवारी मी माहेरी जेवायला जात होते. मी पोचायच्या आत बाबा जेवून झोपाळ्यावर बसलेले असायचे. म्हातारपणी माणसाला लवकर भूक लागते, असं मी आपलं ठरवून टाकलं. वहिनी माझ्या ताटात तळलेल्या सुरमईची एक तुकडी वाढायची आणि मग आणखी एक. ही बाबांच्या वाटणीची, त्यांनीच तुला घालायला सांगितली आहे, असं ती खाली बघून सांगायची. मला भरून यायचं. भरल्या मनाने मी तीही तुकडी खायची, काट्यासकट चोखून.

मग मार्गशीर्षात आमच्या गावची जत्रा आली. दुपारी देवळात गाऱ्हाणी चालली होती. आमच्याकडे प्रत्येकाने देवापुढे नारळ ठेवायचा आणि आपलं म्हणणं मानकऱ्याच्या कानात सांगायचं. मानकरी ते खड्या आवाजात देवाला ऐकवतो आणि जमलेला गाव त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतो. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची न व्यालेली म्हैस. मी वहिनीशी साडीच्या काठाबद्दल बोलत होते आणि सवयीने व्हय म्हाराजा म्हणत होते. बाबा पुढे झाले आणि मानकऱ्याने त्यांचं गाऱ्हाणं घातलं, तेव्हाही बोलतच होते.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान आज तुज्यापुढे नारळ ठेवल्यान हा. त्येच्या चेडवाचा पुस्तक अडलला हा. गेल्या सालच्या चवथीपासून त्येच्यासाठी ह्येना मासळी सोडल्यान हा. ता पुस्तक तडीक लाव रे म्हाराजा, आणि ह्येच्या ताटात मासळी येवंदे."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला. मीही म्हणाले. म्हणून झाल्यावर मला कळलं की ते चेडू, ती मुलगी, मी आहे.

मी हबकलेच. बाहेरच्या माणसाला यात एवढं काय ते कळणार नाही. आमच्याकडे माणूस भावाशी बोलणं सोडेल, वडिलोपार्जित जागेवरचा हक्क सोडेल, पण मासळी? आम्ही श्रावणाचे दिवस कसे काढतो ते आमचं आम्हाला ठाऊक. आणि हा माणूस, ज्याला हातात बांगडा घेतल्याबरोबर तो कुठल्या पाण्यातला ते कळतं, तो गेल्या वर्षीच्या चतुर्थीपासून वरणभात खात होता. त्याच्या वाटणीची तुकडी मी खात होते.

वहिनीला मी बाजूला ओढलं. ती रडायलाच लागली. सांगितलंस तर जेवायचंच बंद करीन, अशी धमकी बाबांनी तिला दिली होती.

मग मी बाबांना देवळाच्या पायरीवर गाठलं आणि नको नको ते बोलले. हा छळ आहे म्हटलं. माझ्या डोक्यावर बंदूक ठेवून कादंबरी लिहून घेताय का म्हटलं. मुदत माझी होती, मी ती पाळीन नाही तर चुलीत घालीन, तुम्ही मध्ये पडणारे कोण? लोक बघत होते, बघू देत. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू तारीख दिलंस, ती मी देवाक दिलंय," ते म्हणाले. "आता ती तुज्या एकटीची नाय."

मी कसालला आले आणि रजा टाकली. कपाटं तशीच राहिली, लोणच्याला बुरशी आली, नवरा हॉटेलातून जेवण आणू लागला. मला स्वतःचाच अचंबा वाटत होता. जे प्रकरण इतका काळ हलत नव्हतं, ते रागाच्या भरात सरसर उतरत गेलं. थोरला भाऊ एकटा होडी लोटतो, वारा फिरतो, तो शेवटी किनाऱ्यावरच्या दिव्याकडे बघतो आणि शांतपणे पाण्यात जातो. शेवटचं वाक्य लिहून मी टेबलावर हात आपटला. पौष अजून सरला नव्हता.

रविवारी वाटेत एक चांगला मोठा सरंगा घेतला आणि कागदांसह माहेरी गेले. नवस फिटला असं देवाला सांगून मासा आत आणला. बाबांनी फक्त शेवटचं प्रकरण मागितलं आणि चष्मा लावून दारापुढच्या खळ्यात खुर्चीवर बसले. आत वहिनीने तवा ठेवला. तिने तिरफळं घालून कढीही केली होती, आणि सणासारखी नवी साडी नेसली होती. वाचून झाल्यावर बाबा आत आले, पाटावर बसले. वहिनीने ताट वाढलं. आम्ही सगळे त्यांच्या हाताकडे बघत होतो.

बाबांनी ताट हळूच पुढे सरकवलं.

"शेवट खोटो आसा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग डोकंच फिरलं. कादंबरी आहे बाबा, म्हटलं, तिचा शेवट खोटाच असतो. पुस्तक पुरं झालं, नवस फिटला, आता जेवा. अजून किती दिवस मला शिक्षा देणार आहात?

"शिक्षा नाय गो," ते म्हणाले. "तू तारीख दिलंस तेव्वा माका वाटला, आता तरी माका इचारतलंस. येदे दिवस मी वाट बघी होतंय. तू सगळा लिवलंस, पण माका काय इचारूक नाय."

मी म्हटलं, काय विचारायचं होतं? काका एकटे गेले होते ना?

"एकटो नव्हतो. मी होतंय त्येच्या वांगडा."

भाऊ उभा होता तो खाली बसला. काकांबरोबर होडीत बाबाही होते, हे इतक्या वर्षांत त्यालाही माहीत नव्हतं. वहिनीने गॅस बंद केला. मला विचारायचं नव्हतं. प्रकरण का अडलं होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि तरीही मला विचारायचं नव्हतं. पण बाबा माझ्याकडे बघत होते, आणि अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, "बाबा, काका कसे गेले?"

"त्येचो हात माज्या हातात होतो," बाबा म्हणाले. "मी सोडलंय."