कापून टाकलेलं बोलणं

बिरू गेल्याची बातमी मला गावाच्या ग्रुपवर कळली. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली एक व्हिडिओ. त्यात बिरू तांबडा फेटा बांधून, मान तिरकी करून गप्प उभा आहे, मागून पिपाणीचं विचित्र संगीत, मग शेळीचं बें-बें ओरडणं आणि लोकांचं हसणं. मेलेल्या माणसाच्या नावाखाली ते हसणं ऐकून मला शिसारी आली. पाठवणाऱ्याचा तरी काय दोष... बिरूचं दुसरं चित्रण कुणाकडेच नव्हतं.

बिरू धनगर. दर वर्षी दिवाळीनंतर खतासाठी त्याच्या मेंढ्या माले गावातल्या आमच्या वावरात बसायच्या आणि संध्याकाळचा चहा आमच्या ओट्यावर व्हायचा. बोलायला एक नंबर. पण बोलता बोलता मधेच थांबायचा, हात वर करायचा, मान तिरकी करायचा. कुठंतरी कोकरू आईपासून चुकलेलं असायचं. आम्हाला काही ऐकू यायचं नाही. मग "हाय, घावली आय," म्हणून बोलणं पुढे सुरू.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भाड्याच्या खोल्यांत बावधनची काही मुलं उतरली. आपण भारतीय म्हणजे नक्की कोण, यावर त्यांना विनोदी माहितीपट करायचा होता. सगळ्या थरांतली माणसं हवीत, कुणी वगळलं जायला नको, असं त्यांची दिग्दर्शिका मला तळमळीने सांगत होती. मीच बिरूची गाठ घालून दिली. रोजची टोपी काढून त्यांनी त्याला फेटा बांधला. "लग्नातबी येवढा न्हवता वो," तो म्हणाला.

"मामा, आपण भारतीय आहोत असं तुम्हाला कधी वाटतं?" त्या दिग्दर्शिका मुलीने विचारलं.

"तुमाला कदी वाटतं?"

"मला... मॅच असली की."

"मंग मॅच नसल्यावं कोन असता तुमी?"

कॅमेरा धरलेला मुलगा इतका हसला की कॅमेरा हलला. ती मुलगीही हसली. पुढे तासभर बिरू बोलत होता. चराईचं, परमुलखातल्या माणसांचं, नकला करून.

माहितीपट दाखवला तेव्हा मी त्याला गाडीतून बावधनला नेलं. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. पडद्यावर सत्तावीस माणसं आली, मी मोजली. सव्वीस जणांच्या खाली नाव होतं. बिरूखाली होतं, 'एक मेंढपाळ'. प्रश्न आला, आणि उत्तराच्या जागी कोकराचा कानोसा घेणारा बिरू लावलेला. जणू त्याला प्रश्नच कळला नाही. पिपाणी, शेळी, हशा. त्याचा एक शब्दही ठेवला नव्हता. नंतर मंचावर 'सर्वसमावेशक' हा शब्द तीनदा आला आणि टाळ्या झाल्या.

परतताना तो "दादा, लोकास्नी वाटंल मी मुका हाय," म्हणाला. पौड गाव मागे पडल्यावर पुन्हा, "त्ये मॅचचं तरी ठिवायचं."

दहाव्यानंतर त्याची बायको ठकूबाई आली. "दादा, त्यास्नी इचारा की. समदं बोलनं भरून घेतलंतं नव्हं? मला आवाज पायजेल."

मी त्या मुलीला फोन केला. "काका, सो सॉरी. पण बाकीचं फुटेज आम्ही डिलीट केलं. त्यांचा सीन मात्र अजून सगळ्यात जास्त चालतो! फिल्मच्या शेवटी आम्ही त्यांना श्रद्धांजलीची पाटी टाकतोय. त्यांचं पूर्ण नाव काय होतं?"

फोन ठेवला.

बाकीचं त्यांनी पुसून टाकलंय, एवढं ठकूबाईला सांगितलं. तिने तो व्हिडिओ बघायला माझा फोन मागितला. मी लावून दिला. "त्ये वाजाप बंद करा," म्हणाली. मी आवाज बंद केला. तिने पडदा डोळ्यांजवळ नेला.

"कोकरू चुकलंय," ती म्हणाली. "त्येच ऐकत्यात."

यंदा मेंढ्या तीच घेऊन आली. संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना मधेच थांबते, हात वर करते. आमच्या घरातलं बोलणं आपोआप बंद होतं. आम्हाला अजूनही काही ऐकू येत नाही. पण ती "घावली" म्हणेपर्यंत कुणी हसत नाही.