लंबूने केलेली पाहणी

माझी धाकटी बहीण, नवरा गेल्यावर विद्यापीठात मुलांचं वसतिगृह चालवायला लागली. इमारत विद्यापीठाची, चालवायची हिनं. दर काही वर्षांनी करार वाढवून घ्यायचा. स्वतःचं पोर नाही, पण 'मावशी' म्हणणारी ढीगभर. कॉटवर ओला टॉवेल दिसला की सगळ्यांची सारखीच खरडपट्टी.

त्यातलाच एक लंबू. पाय कॉटबाहेर लोंबायचे, म्हणून हिनं पायथ्याशी बाकडं लावून दिलं होतं. तोच पुढे विद्यापीठाच्या इमारती सांभाळणारा साहेब झाला. यंदा करार संपत आला आणि पाहणीला लंबूच येणार असं कळलं. धाकटी हरखली.

"आता कसली काळजी? आपलाच पोरगा!"

मी म्हटलं, "तरी चांगल्या खोल्या आधी दाखव."

"अगं ताई, त्याच्यापासून काय लपवायचं? मोठी दुरुस्ती त्यांच्याकडेच असते. सांगितलं तर करून तरी देईल."

मग हाताला धरून तिनं त्याला सगळं फिरवलं. कपाट स्वतः सरकवून मागची ओल दाखवली. जिन्याचा कठडा गदागदा हलवून दाखवला. लंबू आपला "हो मावशी, बघतो मावशी" करत होता. चहासुद्धा दोनदा प्यायला.

करार वाढला नाही. कठडा धोक्याचा आणि भिंतीची ओल कपाटामागे लपवलेली, असं कारण आलं. वसतिगृह मिळालं लंबूच्या मेव्हण्याला.

आम्ही दोघी त्याच्या ऑफिसात गेलो.

"लंबू, कपाट मीच सरकवलं ना रे?"

त्यानं दाराशी उभ्या शिपायाकडे पाहिलं. "मावशी, इथं साहेब म्हणा. माझाही नाइलाज असतो. दिसलं ते लिहिलं."

"दिसलं कुठं? मी दाखवलं."

तो टेबलावरचं पेन इकडून तिकडे ठेवत बसला. मग म्हणाला, "मेव्हण्याला सांगतो, स्वयंपाकाला ठेवून घेईल तुम्हाला."

धाकटी उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. "त्याला म्हणावं, आधी कठडा पक्का करून घे. पोरं त्याला टेकून तासन्‌तास फोनवर बोलतात."

हल्ली ती माझ्याकडेच असते. परवा आमचे घरमालक आले. "काही अडचण नाही ना, आजी?" खिडकी नीट लागत नाही, रात्रभर वारा येतो, हे मी सांगणार तोच धाकटीनं माझा हात दाबला.

"छे हो, सगळं झकास आहे," ती म्हणाली आणि खिडकीला पाठ लावून उभी राहिली.