तनसातल्या बाटल्या

"गोंदियाला वाईन प्यायला कोण जातं?" नाशिकहून निघताना बायकोने विचारलं. "मी!" म्हणून मी तिरसटपणे बॅग उचलली. माझ्या जुन्या मित्राचा, दिनकरचा फोन आला होता. "बाटल्या उघडू आता. ये." एवढंच बोलला.

खिशाला परवडणारी फ्रेंच रेड वाईन हा नागपूरच्या नोकरीत दिनकरला आणि मला लागलेला नाद. बड्या नावांच्या वाटेला आम्ही गेलो नाही. रोन नदीकाठच्या, दक्षिणेतल्या लांगदोकच्या साध्यासुध्या बाटल्या शोधायच्या. कुठे दुकानाच्या मागच्या फळीवर धूळ खात पडलेल्या, कुठे परदेशातून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून आलेल्या. लेबलावरचं गाव आणि साल बघायचं, बूच वर आलंय का, म्हणजे उष्णतेने वाईन नासलीय का, ते चाचपायचं. त्यातल्या निवडक दिनकर गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या घरी, धानाच्या थंड खोलीत आडव्या ठेवायचा. "थांबू दे अजून काही वर्षं," म्हणायचा. थांबता थांबता त्याला कॅन्सर झाला.

गाडी चांगलीच उशिरा पोहोचली. "फुलचूर? बैठो काका," म्हणत रिक्षावाल्याने मला चुकीच्या गल्लीत उतरवलं. बॅग ओढत, त्याला शिव्या घालत चाललो. शहर संपलं की लगेच शेतं, आणि शेतांत धानाचे पुंजणे (कापलेल्या भाताच्या भाऱ्यांचे ढीग).

ओसरीवर खाटेवर जो बसला होता, तो दिनकर वाटेचना.

"असा काऊन पाहून राहिला बे? मीच आहो."

जेवायला भात, लाखोरीची डाळ आणि बोडीतले (शेततळ्यातले) मासे होते. मी ताव मारला, दिनकरने दोन घास चिवडले. "डॉक्टर म्हनाले, मागतील ते द्या आता," वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या.

बाटल्या आणायला मी धानाच्या खोलीकडे वळलो.

"तिकडं नाही भाऊजी, इकडं."

वहिनींनी मला मागच्या टिनाच्या छपराखाली नेलं आणि तनस (भाताचा पेंढा) उपसायला लागल्या. आत साऱ्या बाटल्या आंब्यांसारख्या निजवलेल्या.

"हे म्हनत, अजून तयार नाही झाल्या. उन्हाळ्यात यांचं दुखनं कळलं. म्हटलं, आता वाट पाहाले वेळ कुठं आहे? आंबा तनसात दाबला का लवकर तयार होते. म्हनून साऱ्या दाबल्या."

अरे देवा! गोंदियाचा मे महिना, वर तापलेला टिन, खाली तनसाची ऊब. बुचं वर आलेली, मानेवर चिकट ओघळ सुकलेले. मी बोलायला तोंड उघडलं. पण वहिनी एकेक बाटली पदराने पुसून देत होत्या, आणि मी ती घेत गेलो.

पहिली उघडली. उकळलेल्या जांभळांचा आणि करपलेल्या गुळाचा वास आला. दुसरी तशीच. नुसत्या वासावरून बाटली परत करणारा दिनकर पेल्यात नाक घालून बराच वेळ बसला. त्याला कळलं होतं.

"झाल्या का तयार?" वहिनींनी दारातून विचारलं.

"एकदम! मी कायले एवढी वर्षं थांबून राहिलो होतो, कोनास ठाऊक."

आणि त्याने पेला घोट घोट करत संपवला. मीही माझा संपवला. वहिनी आधी हसल्या, मग डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. दिनकरने माझं मनगट पकडलं. "तिले सांगशील त याद राख."

परतीच्या गाडीत मला फार वाईट वाटत राहिलं. चांगल्या वाईनसाठी आम्ही केवढे हिंडलो, दुकानदारांशी किती हुज्जत घातली. आणि आता, शेवटी, माझ्या मित्राच्या वाट्याला ही नासकी वाईन. राग येत होता, पण काढायचा कोणावर?

घरी आल्यावर काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. आवाजात मोठं समाधान होतं.

"भाऊजी, जेवन सुटलं यांचं. पन सांजेला अर्धा पेला मागतेतच. आवडते त्यांना. आता दोनच बाटल्या राहिल्या. संपायच्या आधी या एकदा."

येतो म्हणालो. फोन ठेवला आणि बायकोसमोर ढसाढसा रडलो.