तेराचं कार्ड

अमेरिकेत ट्रॉयला आले तेव्हा नागपुरातल्या सहा वर्षांच्या नोकरीचा अनुभव गाठीशी होता, पण मीटिंगमध्ये तोंड उघडायची सवय नव्हती. आमची टीम गाड्यांच्या वॉरंटीचं सॉफ्टवेअर सांभाळायची. दर दुसऱ्या सोमवारी पुढची कामं वाचली जायची आणि प्रत्येक कामासाठी जो तो आकड्याचं एक कार्ड निवडायचा. काम किती तासांचं, हे सांगायचं नसे. आधी केलेल्या कामांच्या मानाने हे लहान की मोठं, एवढंच; काम मोठं तर आकडा मोठा. कोणी कोणाचं बघून ठरवू नये म्हणून कार्डं सगळ्यांनी एकदमच दाखवायची. मी मात्र आमचा लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, काम वाचताना काय बोलतो त्यावरून अंदाज बांधायचे.

एकदा काम आलं: जुनी गाडी विकली गेली, की वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर करायची. लीड म्हणाला, एक स्क्रीनच तर वाढवायची आहे. पण तिथला कोड मी महिनाभर दुरुस्त करत होते. मालकाचं नाव त्यात अकरा ठिकाणी साठवलेलं होतं. मी तेराचं कार्ड उचललं, खाली ठेवलं आणि तीनचं दाखवलं. सगळ्यांचं तीनचंच निघालं.

लीड पुढच्या कामाकडे वळणार, तेवढ्यात तयार सॉफ्टवेअर तपासून चुका शोधणाऱ्या आमच्या टेस्टर बाईंनी त्याला थांबवलं. साठीच्या, मोजकंच बोलणाऱ्या, माझ्या शेजारी बसणाऱ्या. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "तू आधी दुसरं कार्ड उचललं होतंस. का?"

मी अडखळत सांगायला लागले. शब्द सापडेनात तेव्हा उठून फळ्यावर त्या अकरा जागा काढून दाखवल्या. मध्येच कोणी बोलायला लागलं की बाई नुसता हात वर करायच्या. माझं झाल्यावर लीड म्हणाला, "यातलं निम्मंसुद्धा मला माहीत नव्हतं. बरं झालं बोललीस."

त्या कामाचे चार तुकडे झाले. सगळ्यांत किचकट तुकडा मी मागून घेतला. पुरे दोन महिने लागले, पण कोणाची धावपळ झाली नाही.

नंतर बाईंना कॉफी मशीनपाशी गाठून आभार मानले. त्या हसल्या. "तू गप्प बसली असतीस तर ते सगळं निस्तरायला माझ्याकडेच आलं असतं," म्हणाल्या.

पुढच्या मीटिंगपासून मला वाटेल तेच कार्ड मी दाखवू लागले. काही वेळा साफ चुकले, आणि चुकले तरी काही बिघडत नाही हेही तिथेच कळलं.

बाई आता निवृत्त होऊन लेकीजवळ राहतात, आमच्यापासून दोन तासांवर. बर्फ सरलं की आम्ही नवरा-बायको ड्राइव्ह करून भेटायला जातो. ऑफिसचा विषय फारसा निघत नाही. त्या टोमॅटोची रोपं दाखवतात, मी त्यांच्या स्वयंपाकघरात आलं घालून चहा करते.