तिसरीच्या मराठीसाठी पंधरा मुलं

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, चेरीताल मोहल्ल्यात, पद्मजाताईंना ओळखत नाही असं एकही मराठी घर नाही. यंदाच्या फेब्रुवारीत त्यांना टाळत नाही असंही एक घर उरलं नव्हतं. बाई वाईट नाहीत हो, अगदी लाख माणूस. पण घोर लागलेल्या माणसासमोर बसायची लोकांना भीती वाटते.

मी लतिका. ताईंच्या शेजारी राहते आणि शहरातल्याच गोरखपुर भागात त्यांच्याच शाळेत दुसरीचा वर्ग सांभाळते. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण काढली जुन्या मराठी मंडळींनी. त्या पुण्याईवर तिसरी ते पाचवी मराठी हा विषय इतकी वर्षं तगून आहे, आणि तो शिकवतात ताई. आमच्याकडच्या मुलांचं मराठी कसं, तर आजी मराठीत हाक मारते आणि नातू हिंदीत ओ देतो. म्हणून ताईंनी आपला अभ्यासक्रम आपणच बसवला. तिसरीत पुस्तक नाहीच. काल घरी काय शिजलं, कोण कोणावर रागावलं, ते वर्गात येऊन मराठीत सांगायचं. चौथीत वाचायचं. पाचवीच्या शेवटी नागपूर-अमरावतीकडच्या कोणा नातेवाइकाला स्वतःच्या हातानं पत्र लिहायचं, हीच परीक्षा. पत्राला उत्तर आलं की मूल पास. एकदा एका मावशीनं पत्राऐवजी संत्र्यांची पेटी धाडली, तर तेही ताईंनी पास धरलं.

यंदा नवीन टूम आली. तिसरीपासून कोडिंग. दिवसाचे तास काही वाढत नाहीत, तेव्हा कोणाच्या तरी मानेवर सुरी फिरणारच. आमच्या प्रिन्सिपल अमिता चौकसे सरळ बाई आहेत. डिसेंबरातच त्यांनी ताईंना बोलावून सांगितलं, "पद्मजा जी, तीसरी में पंद्रह बच्चे मराठी माँगें, तो पीरियड रहेगा. नहीं तो आप लाइब्रेरी सँभाल लीजिए." परीक्षेआधी त्या स्वतः दुसरीच्या वर्गात येऊन मुलांना हात वर करायला सांगणार होत्या.

ताईंना लायब्ररीचं काही नव्हतं. त्यांना दुसरंच दिसत होतं. यंदा तिसरी बंद, पुढच्या वर्षी चौथी, मग पाचवी. नळ एकदम बंद होत नाही, आधी धार बारीक होते. त्यांची झोप उडाली. भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. फॅक्टरीतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान हेमचंद्रराव मला म्हणाले, "लतिका, पोरींच्या लग्नात हिनं एवढा घोर नव्हता केला. तुमच्या शाळेनं माझं जेवण बिघडवून टाकलं."

माझ्या वर्गात मराठी मुलं वीसेक. पंधरा काही फार नाहीत, असं मला वाटायचं. मग संक्रांत आली आणि ताईंनी डोकं चालवलं. रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू चालतं, सगळ्या आया एका जागी सापडतात. ताईंनी एक घर सोडलं नाही. गुडघे दुखत असताना बसनं शहराच्या पार टोकाला रांझीपर्यंत गेल्या. समोरची बाई कुंकू लावायला वाकली, की ताई हळूच विचारायच्या.

रांझीच्या मोनालीकडे मीही सोबत होते. तिची समृद्धी माझ्याच वर्गात. मोनाली ताईंना अत्तर लावत होती.

"समृद्धीला तिसरीत मराठी देशील ना गं?"

"अय्यो ताई, काहून नाही? आपली भाषा आहे! द्यायलाच पाहिजे."

आणि तिळगूळ, आणि वाणाची वाटी. सगळीकडे हेच. परतताना ताई बसमध्ये लहान मुलीसारख्या खूश. "लतिका, एकोणीस झाले! मी उगाच जीव जाळून राहिली होती."

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. मी म्हटलं, "ताई, दारी आलेल्या सवाष्णीला हळदीकुंकवाच्या दिवशी कोण नाही म्हणेल? तुम्ही त्यांची किडनी मागितली असती, तरी हो म्हणाल्या असत्या."

"तू अभद्र नको बोलू," ताई म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अमिताजींना एकोणीसचा आकडा देऊनही टाकला.

पण माझं बोलणं त्यांच्या मनात कुसळासारखं राहिलं असणार. आठवडाभरात त्यांनी पुन्हा फोन सुरू केले. आता सूर बदलले होते. कोणाच्या मिस्टरांना विचारायचं होतं, कोणाच्या जाऊबाईंच्या मुलानं कोडिंग घेतलं होतं. गोरखपुरच्या बाजारात एक बाई ताईंना बघून भाव करता करता मेथी टाकून निघून गेली. मोनालीनं फोनवर सांगितलं, "ताई, बघून राहिलो आम्ही."

त्या संध्याकाळी ताई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "लतिका, बघून राहिलो म्हणजे काय असतं गं?"

खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. मी म्हटलं, "चहा टाकते."

"म्हणजे नाहीच ना?" त्या म्हणाल्या. मी आत जाऊन खरंच चहा टाकला.

तो दिवस उजाडला. अमिताजी माझ्या वर्गात आल्या. ताई दारात उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर येईनात, पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं आणि सोडायचं, एवढंच चाललं होतं. अमिताजींनी विचारलं, "कोडिंग कौन-कौन लेगा?" हातांचं रान उभं राहिलं. एकोणीस घरांतले हात मी ओळखत होते, सगळे त्या रानात. नाही, एक नव्हता.

"और मराठी?"

खिडकीजवळच्या बाकावरून समृद्धीनं हात वर केला. एकटीनं. मागची मुलं फिसकन हसली, मी डोळे वटारले तशी गप्प झाली. समृद्धीनं इकडेतिकडे पाहिलं, लाल झाली, पण हात खाली घेतला नाही.

"ठीक है," अमिताजी हळूच म्हणाल्या. ताईंच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेल्या. त्यांनी एकोणीसचा जाब विचारला असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

ताई आत आल्या. दुखरे गुडघे टेकून समृद्धीच्या बाकाशी बसल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला बघवेना. एक तर एक, एवढ्यावर बाईनं जीव धरला होता.

"तुला मराठी आवडतं, बाळा?"

समृद्धी दुसऱ्या हाताच्या नखानं बाकाची कड खरवडू लागली. "मम्मी बोली थी, कोडिंग में हाथ उठाना." मग मोठ्या कष्टानं एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही दारात उभ्या होत्या. तुम्हाला वाईट वाटलं असतं ना."

ताईंनी ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, आता या इथेच मुलांसमोर मोडून पडतात. पण त्यांनी तो वर राहिलेला हात धरला, खाली बाकावर आणून ठेवला आणि वरून थोपटला.

"मला कुठं वाईट वाटतं? वेडी! घे तू कोडिंग. मला काहीच नाही वाटत."

समृद्धीनं एकदा त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि खुदकन हसली. पोरीला ते खरंच वाटलं.